खुराड्यात मानमोडी शिरली, उरलेल्या कोंबड्यांचं काय करू?

पत्र: आमचं घर गोव्यातल्या सत्तरीत, वाळपईच्या पुढच्या एका वाड्यावर. घरच्या गावठी कोंबड्या 23 होत्या. मेच्या सुरुवातीला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दोन तलंगा आणल्या आणि त्याच रात्री खुराड्यात सोडल्या. आठवड्याच्या आत त्यातली एक मान टाकून बसली आणि दुसऱ्या दिवशी मेली. तेव्हापासून रोज एक-दोन जातात. हिरवट पातळ हगवण, चोच उघडी टाकून श्वास, काहींची मान पाठीकडे पिळवटते. आजवर 11 गेल्या, 14 उरल्या. हळद-लसूण दिलं, फार्मसीतून कॅप्सूल आणून पाण्यात घातल्या. पहिल्या तीन मेलेल्या घरच्यांनी व्हाळात टाकल्या. शेजारची काकी म्हणते, उरलेल्या सोमवारी साखळीच्या बाजारात विकून टाक, निदान पैसे तरी सुटतील. सासूबाई म्हणतात, वाड्याच्या राखणदार देवाचं देणं राहिलंय, एक कोंबो (कोंबडा) द्यायला हवा. माझी एक जुनी कोंबडी आहे, दरवर्षी तीच पिल्लं काढते. तिची मान वाकडी झालीय, पण जिवंत आहे. मी हातानं पाणी पाजते. औषध कुठलं देऊ? अंडी मुलांना देऊ का? उरलेल्या विकू का? नणंद पेडण्याहून पिल्लं पाठवते म्हणते, ती घेऊ का?
सत्तरीतली एक वाचक

ताई, सोमवार तोंडावर आलाय म्हणून विकण्याचं आधी सांगते. उरलेल्या 14 मधली एकही कोंबडी साखळीला नेऊ नका, कुणाला देऊ नका, पाहुण्यांच्या पिशवीतही घालू नका. आज ज्या टुणटुणीत दिसतात त्यांच्यातल्या काहींच्या अंगात रोग शिरलेला असणारच. लक्षणं दिसायला बहुतेक वेळा पाच-सहा दिवस लागतात, कधी दोन दिवसांत दिसतात तर कधी पंधरा दिवस जातात. आणि कोंबडी आजारी दिसण्याच्या आधीपासूनच तिच्या विष्ठेतून आणि श्वासातून विषाणू बाहेर पडायला लागतो. तुमच्याकडे तो बहुधा असाच आला. कुणाच्या तरी घरी मरतूक सुरू झाली, उरलेल्यांचे निदान पैसे तरी होऊ देत म्हणून त्या बाजारात आल्या आणि त्यातल्या दोन तुम्ही विश्वासानं विकत घेतल्या. विकणाऱ्या बाईलाही कुणी काकीनं हाच सल्ला दिला असेल. सोमवारी तुम्ही गेलात, तर पुढच्या आठवड्यात मयेची नाहीतर न्हावेलीची एखादी बाई असंच पत्र लिहायला बसेल.

आता रोगाचं. हिरवी हगवण, धाप, लुळे पडलेले पंख, पिळवटलेली मान आणि रोजची मरतूक, या सगळ्या खुणा मानमोडीच्या, म्हणजे राणीखेतच्या आहेत. लस न दिलेल्या कळपात हा रोग शिरला तर दहातल्या आठ-नऊ कोंबड्या सहज नेतो. "गावठी कोंबडीला काही होत नाही" हे आपल्याकडे फार ऐकू येतं. ऊन, पाऊस, उपास हे सगळं गावठी कोंबडी सोसते हे खरं, पण मानमोडीपुढं तिचा काटकपणा चालत नाही.

तरीही पत्रावरून केलेला हा अंदाजच आहे, आणि इथं अंदाजावर थांबणं धोक्याचं आहे. बर्ड फ्लूही जवळजवळ असाच दिसतो. एका रात्रीत बऱ्याच कोंबड्या मरणं, तुरा आणि गळ्याखालचे लोंबते कल्ले निळे-जांभळे पडणं, डोकं सुजणं, पायांवर लालसर डाग, वाड्यावर कावळे मरून पडणं, यातलं काहीही दिसलं तर कोंबड्यांना हात न लावता आधी फोन करायचा. महाराष्ट्रात नवापूरला 2006 साली देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हाही सुरुवातीला राणीखेतच असेल असं वाटलं होतं. म्हणून उद्या सकाळी पहिलं काम, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन. किती होत्या, किती गेल्या, बाहेरून कधी आणल्या, लस कधी दिली होती की नव्हतीच, हे चार मुद्दे सांगा. डॉक्टरांनी मेलेली कोंबडी तपासायला मागितली तर नुकतीच मेलेली द्या. दोन प्लास्टिक पिशव्यांत एकावर एक घट्ट बांधून, बर्फाच्या डब्यात ठेवून. फ्रीझरमध्ये गोठवलेली त्यांच्या उपयोगाची नसते.

पंचायतीलाही कळवा. 2009 च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या केंद्रीय कायद्याच्या यादीत मानमोडी आहे आणि अशी शंका आली की मालकानं कळवणं बंधनकारक आहे. "कळवलं तर सरकार सगळ्या कोंबड्या मारून टाकील" या भीतीनं लोक गप्प बसतात. सरसकट मारण्याची कारवाई बर्ड फ्लूची प्रयोगशाळेतून खात्री झाल्यावर होते आणि तिला भरपाईची तरतूद आहे. राणीखेतसाठी तसं होत नाही.

औषधाबद्दल मला तुम्हाला खोटी आशा लावायची नाही. मानमोडीवर औषध नाही. हळद-लसणानं कोंबडीचं काही बिघडलं नाही, पण विषाणूचंही काही बिघडत नाही. कॅप्सूलमधलं प्रतिजैविक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. ते आता बंद करा. अशक्त झालेल्या पक्ष्याला मागाहून जिवाणूचा संसर्ग झाला तर डॉक्टर कधी कधी प्रतिजैविक देतात, पण ते त्यांनी ठरवायचं, आणि माणसाची कॅप्सूल अंदाजानं पाण्यात घालून तर कधीच नाही. त्या औषधाचा अंश अंड्यात उतरतो. मुलांना अंडी देऊ का या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. मानमोडी नीट शिजवलेल्या अंड्यातून किंवा मटणातून माणसाला होत नाही. पण तुम्ही कॅप्सूल दिल्यात, आणि नेमका रोग कुठला हेही अजून ठरलेलं नाही. म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस ही अंडी मुलांना देऊ नका, खुडूक कोंबडीखालीही ठेवू नका आणि दुकानावरही पाठवू नका.

आजारी कोंबडी मरण्याआधी कापून खायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून तेही स्पष्टच सांगते. कापू नका. कापताना रक्त, पिसं, आतडी अंगणात पडतात, ती कुत्रं ओढून नेतं, कावळा उचलून पलीकडच्या घराच्या कौलांवर टाकतो, आणि रोग दहा घरं पुढं जातो. कापणाऱ्यालाही त्रास होऊ शकतो. मानमोडीनं माणसाचे डोळे लाल होऊन चुरचुरतात, काही दिवसांत बरे होतात, पण बर्ड फ्लू असला तर गोष्ट फार गंभीर होते. खुराड्यात जाताना तोंडाला फडकं आणि हातात मोजे हवेत, मोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या चालतील. बाहेर आलं की साबणानं हात धुवा, तोवर डोळ्यांना हात लावू नका. मुलांना तिकडं फिरकू देऊ नका. घरात कुणाला ताप-खोकला आला तर आरोग्य केंद्रात सांगताना कोंबड्या मेल्याचंही सांगा.

व्हाळात टाकलेल्या तीन परत येणार नाहीत, पण त्या पाण्याच्या खालच्या अंगाला ज्यांची घरं आहेत त्यांना आजच सांगा की कोंबड्या आणि बदकं पाण्यावर सोडू नका. यापुढची प्रत्येक मेलेली कोंबडी पुरायची. विहिरीपासून आणि व्हाळापासून लांब, उंचवट्याची जागा बघा. खड्डा इतका खोल हवा की वर निदान कमरेएवढी माती येईल, नाहीतर कुत्री रात्रीत उकरून काढतात. खाली चुना, वर चुना, मग माती, आणि वर दोन मोठे धोंडे. आपल्याकडे पाऊस सुरू झाला की खड्ड्यात खालूनच पाणी भरतं, म्हणून हे सगळं मृगाच्या आत उरकायला हवं. विष्ठा, भुसा, जुनी पिसं, अंडी घालायच्या पाटीतलं गवत, सगळं त्याच खड्ड्यात घाला. खत म्हणून कुळागरात मुळीच टाकू नका.

आता जिवंत आहेत त्यांच्याकडे. कोंबड्या मोकळ्या चरायला सोडणं आजपासून बंद. आजारी दिसतील त्या वेगळ्या, मांगरात किंवा डालाखाली. बऱ्या आहेत त्यांना जुन्या खुराड्यात परत घालू नका. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाळी नाहीतर माडाची झावळं लावून आडोसा करा, वरून सावली हवी, मेचं ऊन त्यांना मारील. दाणापाणी देताना आधी बऱ्यांना, मग आजाऱ्यांना, कधीही उलट नको. दोन्हीकडची भांडी वेगळी आणि आजाऱ्यांकडे जायच्या चपलाही वेगळ्या. हा रोग माणसाच्या पायांनी जितका फिरतो तितका वाऱ्यानंही फिरत नाही. शेजारची मुलं चेंडू आणायला येतात, बापये एकमेकांच्या अंगणातून वाट काढतात, दूधवाला सगळ्यांकडे जातो. निदान पंधरा-वीस दिवस गेटजवळ साबणाच्या पाण्याची बालदी ठेवा आणि जाता-येता पाय धुवायला सांगा. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, साधा साबण ते फोडतो.

खुराडा रिकामा झाला की आधी खरवडून काढा, मग साबणाच्या पाण्यानं घासा, कडक उन्हात वाळवा, आणि शेवटी चुन्याचा दाट हात मारा. ब्लिचिंग पावडरचं पाणी मारणार असाल तर घासून झाल्यावरच मारा, घाणीवर मारलेली पावडर वाया जाते. खुराडा लाकडी असेल तर फटींत विष्ठा अडकून राहते, तिथं जास्त वेळ द्या. ओल्या, थंड, सावलीच्या जागी हा विषाणू कित्येक आठवडे टिकतो आणि उन्हानं लवकर मरतो. तुमच्याकडे उन्हाचे थोडेच दिवस उरलेत, त्यातला एकही फुकट घालवू नका.

तुमची जुनी कोंबडी. पत्रातल्या त्या दोन ओळी मी परत परत वाचल्या. मान वाकडी होऊनही जी जगते तिनं बहुतेक वेळा रोगाशी लढा दिलेला असतो, पण मेंदूला झालेली इजा राहून जाते. काहींची मान महिन्या-दोन महिन्यांत थोडी सुधारते, काहींची जन्मभर तशीच. ती स्वतःच्या चोचीनं दाणा उचलत असेल, पाण्यापर्यंत पोचत असेल, तर तिला मारण्याची घाई करायचं कारण नाही. तिला पूर्ण वेगळी ठेवा, पसरट भांड्यात भिजवलेली कणी द्या, पाण्यात थोडा गूळ घाला, आणि तिच्याकडे रोज सगळ्यात शेवटी जा. एक गोष्ट मात्र मनाशी पक्की करा. बरी होणारी कोंबडीही काही आठवडे विष्ठेतून विषाणू टाकत राहते, म्हणून डॉक्टर सांगतील तोवर दुसरी कुठलीही नवी कोंबडी किंवा पिल्लू घरात येणार नाही. आणि तिला पाणीही गिळता येत नसेल, गोल गोल फिरून कोसळत असेल, तर डॉक्टरांना सांगून तिची त्या हालांतून सुटका करा. इतकी वर्षं तुमची पिल्लं वाढवलेल्या जिवाला तहानेनं मरू देणं मला तरी योग्य वाटत नाही.

सासूबाईंशी वाद घालू नका. राखणदाराला गाऱ्हाणं घालून नारळ ठेवा, रोट द्या, त्यांच्या मनाला शांतता मिळेल आणि त्याची गरज आहेच. कोंबो मात्र आत्ता नको. या खुराड्यातला कोंबो राखणदाराच्या थळावर नेला, तिथं कापला, त्याचा प्रसाद चार घरांत वाटला, म्हणजे रोग चार घरांत वाटला. बाजारातून नवा आणून दिला तरी बाजारातली ये-जा वाढतेच. "देणं कबूल आहे, घर निर्मळ झालं की देऊ" असं गाऱ्हाण्यातच सांगा. जो सगळ्या वाड्याची राखण करतो त्याला वाड्याच्या कोंबड्या वाचवण्यासाठी केलेला उशीर चालेल, असं सासूबाईंना सांगून बघा. त्या ऐकतील असं मला वाटतं.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं त्याबद्दल. राणीखेतची लस आहे आणि ती नवी नाही. हा रोग आपल्या देशात पहिल्यांदा 1920 च्या दशकाच्या अखेरीस कुमाऊंतल्या राणीखेतला ओळखला गेला, आणि त्याच डोंगराळ मुलखात मुक्तेश्वरच्या संस्थेत 1940 च्या दशकात त्यावरची आर-टू-बी लस तयार झाली. ऐंशी वर्षं होत आली आणि आपल्या परसातल्या कोंबड्या अजून याच रोगानं मरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोष बायकांच्या हयगयीचा नाही. लसीची कुपी शंभर-दोनशे किंवा त्याहून जास्त डोसांची येते. एकदा फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि तोवर बर्फावर ठेवावी लागते. वीस कोंबड्यांसाठी एकटी बाई ते सगळं कसं करणार? मोठ्या पोल्ट्रीवाल्यांच्या सोयीनं बेतलेली ती वस्तू आहे.

म्हणून ती वाड्यानं मिळून आणायची. तुमच्या वाड्यावर स्वयंसाहाय्य गट असेलच, तो पापडांची ऑर्डर जशी घेतो तशी ही जबाबदारी घेऊ शकतो. कुठल्या घरात किती कोंबड्या, किती पिल्लं, याची यादी करा. ती घेऊन दवाखान्यात जा आणि एक तारीख ठरवा. त्या दिवशी पहाटे कोंबड्या खुराड्याबाहेर सोडू नका, नाहीतर अर्धी सकाळ त्यांच्यामागं धावण्यात जाते. पिल्लांना पाच ते सात दिवसांची असताना एफ-वन किंवा लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चार आठवड्यांनी लासोटा पुन्हा, आणि आठ आठवड्यांच्या आसपास आर-टू-बीचं इंजेक्शन. आर-टू-बी जरा कडक लस आहे, लहान किंवा अशक्त पिल्लाला ती सोसत नाही, म्हणून हे वेळापत्रक डॉक्टरांशी बोलूनच पाळा. मोठ्या कोंबड्यांना आठवड्याभर आधी जंताचं औषध दिलेलं बरं. लासोटा पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं पाणी घेऊ नका, त्यातला क्लोरिन लसीतला जिवंत विषाणू मारतो. विहिरीचं घ्या, पण विहिरीत नुकतीच ब्लिचिंग पावडर टाकलेली नसावी. एक लिटरला पाच ग्रॅमच्या हिशोबानं साय नसलेली दुधाची पावडर मिसळतात, त्यानं लस जरा टिकते. परसातल्या कोंबड्या वेगवेगळ्या वयाच्या असतात, दर महिन्याला कुणाची तरी पिल्लं निघालेली असतात, म्हणून सगळ्या वाड्याला दर तीन-चार महिन्यांनी थेंब देत राहणं सोयीचं पडतं.

तुमच्या उरलेल्यांना आत्ता लस द्यायची का, हे डॉक्टर त्या बघून ठरवतील. दिलीच तर एक गोष्ट शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. ज्यांच्या अंगात रोग आधीच शिरलाय त्या लस दिल्यावरही मरतील, आणि लसीचं संरक्षण नीट तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात. हे आधी सांगितलं नाही तर "लसीनंच मारल्या" ही बातमी तुमच्या आधी वाळपईला पोचेल, आणि पुढं वाड्यावर कुणी लस देऊ देणार नाही.

हे सगळं करायचं तर शेजाऱ्यांपासून लपवून होणार नाही. तुम्हाला लाज वाटते हे तुम्ही लिहिलं नसलंत तरी मला जाणवलं. काकीकडे आज संध्याकाळीच जा, अंगणात न शिरता बाहेरूनच हाक मारा आणि सरळ सांगा, "काकी, माझ्याकडे मानमोडी आलीय, तुमच्या कोंबड्या बांधून ठेवा, माझ्या मी विकणार नाही." ती दोन शब्द बोलेलही. तरी तिच्या कोंबड्या वाचल्या तर लसीच्या दिवशी पहिली पाटी घेऊन तीच येईल.

नणंदेची पिल्लं आत्ता घेऊ नका. शेवटची कोंबडी मेली त्या दिवसापासून आणि खुराडा धुऊन चुना मारून झाला त्या दिवसापासून, यातला जो दिवस उशिराचा असेल तिथून पुढं निदान महिनाभर थांबा. जुनी कोंबडी विष्ठेतून विषाणू टाकत असण्याची शंका असेल तर डॉक्टर सांगतील तोवर आणखी. पाऊस लागल्यावर खुराडा ओला राहणार असेल, तर गणपतीची चवथ झाल्यावर, जरा ऊन पडू लागलं की आणा. नणंदेला सांगा, तोवर पिल्लांना पेडण्यालाच पहिले दोन डोस देऊन घे. आणली की खुराड्यात एकदम घालू नका, 21 दिवस वेगळी ठेवा. जागतिक पशु आरोग्य संघटना या रोगाचा अंगात दबून राहण्याचा काळ तेवढाच धरते. बाजारातून आणलेल्या तलंगेलाही हाच नियम, मग ती कितीही चांगली दिसो. वनराजा किंवा ग्रामप्रियासारख्या सुधारित जातीची पिल्लं हवी असतील तर जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा आणि कुठली लस कधी दिली ते लिहून घ्या. या जाती सहसा खुडूक बसत नाहीत, त्यामुळे पिल्लं काढायला दोन-तीन गावठी कोंबड्या सोबत लागतीलच. आधी दोनच पिल्लं त्या खुराड्यात सोडा, तीन आठवडे बघा, ती धडधाकट राहिली तर मग बाकीची.